यंत्र अडतं तेव्हा

खोबऱ्याचं घट्ट वाटण करताना मिक्सर मध्येच बंद पडतो. भांडं काढून पुन्हा बसवून होतं, बटण दोन-तीनदा फिरवून होतं, प्लग दुसऱ्या बोर्डावर लावून होतो. मिक्सर ढिम्म. 'मोटर जळली' असा निकाल घरात लागतो आणि मिक्सर पिशवीतून दुकानात जातो. दुकानातला माणूस तो उलटा करतो, बुडाशी असलेलं छोटं लाल बटण अंगठ्याने आत दाबतो आणि मिक्सर सुरू होतो.

ते लाल बटण म्हणजे ओव्हरलोड स्विच. घट्ट वाटणात पाती मंदावली की मिक्सरमधल्या जातीची मोटर जास्त वीज ओढू लागते. तिच्याच दांड्यावर बसवलेला छोटा पंखाही मंदावतो, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी तिला वारा कमी मिळतो. तारेच्या वेटोळ्यांवरचा लेप जळण्याआधी हा स्विच सुटतो आणि वीज तोडतो. दहा मिनिटं मोटर गार होऊ द्यावी, वाटणात थोडं पाणी घालावं, बटण दाबावं. मोटर जळालेली नसतेच. ती जळू नये म्हणून मिक्सर थांबलेला असतो.

या पुस्तकात जे काही सांगायचं आहे ते या एका प्रसंगात आलं आहे. घरातलं यंत्र हट्टाला पेटल्यासारखं अडून बसतं तेव्हा बहुतेक वेळा ते स्वतःला वाचवत असतं. मिक्सरचा रबरी कपलर झिजतो, कारण पाती अडकली तर दांडा पिळवटण्याऐवजी त्या रबराने फाटावं असंच ठरवलेलं असतं. फ्यूजची तार वितळते, म्हणून भिंतीतली वायर वाचते. नळाचा वॉशर चेपतो, म्हणून पितळेची बैठक शाबूत राहते. स्वस्त, मऊ, सहज बदलता येणारा भाग मुद्दाम पुढे केलेला असतो आणि महागडा भाग त्याच्या आडोशाला बसवलेला असतो. हे ज्याच्या ध्यानात आलं त्याला साधा उपाय सापडतो. ज्याच्या ध्यानात येत नाही तो एक तर चांगली वस्तू भंगारात देतो, किंवा फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळतो. दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट.

कुकरचंच पाहा. शिट्टीच्या वजनाने आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जादा दाब धरला जातो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी जवळजवळ १२० अंशांवर उकळतं आणि डाळ लवकर शिजते. डाळीचा फेस वर येऊन शिट्टीखालच्या नळीत अडकला की वाफेची वाट बंद होते. अशा वेळी झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. स्वयंपाकघरात गोंधळ उडतो, डाळ छताला लागते आणि रागाच्या भरात त्या व्हॉल्व्हलाच दोष दिला जातो. त्याच्या जागी मिळेल तो स्क्रू पिळून बसवलेले कुकर मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहायला मला भीती वाटते. इथे साधा उपाय आहे तो असा: रोज कुकर लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहायचं आणि व्हॉल्व्ह बदलायचा तर त्याच कंपनीचा, त्याच जातीचा आणायचा. रिंग सैल पडून कडेने वाफ जात असेल तर ती गार पाण्यात ठेवून किंवा उलटी करून काही दिवस काम भागतं. पण रबर कडक होऊन त्याला चिरा पडू लागल्या की रिंग बदलावीच लागते. उष्णता आणि तेल रबराचा लवचीकपणा खातात, आणि गेलेला लवचीकपणा कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

घरातल्या यंत्रांची दुखणी वरवर शेकडो दिसली तरी त्यांची मुळं मोजकीच आहेत. वीज जिथून जायची तिथून जात नाही, कारण संपर्काच्या जागी गंज, कळंक, मळ किंवा मुंग्या आहेत. मुंग्या हे मी गमतीने लिहीत नाही. पावसाळ्यात स्विचबोर्डात शिरून त्या दोन पत्र्यांमध्ये चिरडतात आणि खटका दाबला तरी दिवा लागत नाही. दुसरं मूळ साचणं. बोअरच्या जड पाण्यातला क्षार गिझरच्या कॉइलवर थर धरतो, शॉवरची भोकं बुजवतो. फ्रिजच्या मागच्या जाळीवर धूळ आणि पिठाची पुटं चढतात आणि आतली उष्णता बाहेर टाकता येईनाशी होते. तिसरं मूळ म्हणजे कोरडं पडणं. शिलाई मशीन आवाज करू लागतं, कुलूप अडतं, पंख्याचं बेअरिंग कुरकुरतं. आणि चौथं मूळ झिजण्याचं, ते वर आलंच. यांच्या जोडीला एक पाचवं कारण आहे, त्याला बिघाड म्हणता येत नाही: यंत्र चुकीचं लावलेलं असतं. शिलाई मशीन टाके सोडू लागलं की आधी सुई पाहावी. सुईची चपटी बाजू उलटी बसली असेल तर जगातला कोणताही कारागीर त्या मशीनवर सरळ शिवण घालू शकणार नाही.

आपल्याकडे दुरुस्तीची परंपरा यंत्रांपेक्षा जुनी आहे. जात्या-पाट्याला टाकी लावणारे दारावर येत. गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीने बारीक खाचा पाडून ते त्याला पुन्हा धार आणत. पिंजारी गादीचा कापूस मोकळा करून देई, छत्र्यांच्या काड्या बदलून देणारे पावसाच्या तोंडाशी फिरू लागत. कल्हईवाल्याचं काम तर पाहत राहावं असं. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. पितळी पातेलं चांगलं तापलं की तो त्यात चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा आणि धातूवरचा काळा थर सुटायचा. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे एक चमकता थेंब आत पसरायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो गरगर फिरवला की पातेल्याचा पोटभाग रुपेरी व्हायचा. मग भांडं पाण्यात. आंबट आमटी किंवा ताक पितळेत कळकू नये म्हणून ही सगळी खटपट. कथील झिजणारच हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पितळ वाचावं म्हणूनच ते लावलं जायचं. झिजणाऱ्या भागाकडे बघण्याची ही समज तेव्हा घरोघर होती.

यंत्रं आली तीही दुरुस्तीच्या या सवयीत सामावली गेली. स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये प्रायमस स्टोव्ह बनवला. पुढच्या काळात त्या जातीचा पितळी स्टोव्ह आपल्या चाळींमध्ये आणि वाड्यांमध्ये स्थिरावला. रॉकेलमधल्या कचऱ्याने त्याचं सूक्ष्म भोक बुजायचं आणि ज्योत पिवळी, फरफरती व्हायची. त्यासाठी पत्र्याच्या पट्टीला टोचलेली पिन प्रत्येक घरात असायची. पंप मारताना हवा धरेनाशी झाली की दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाच्या चामडी वायसरला खोबरेल तेल चोळायचं, वायसरची कड बोटांनी जराशी फाकवायची आणि परत बसवायचा. चामडं कोरडं पडलं की आक्रसतं आणि नळीच्या भिंतीला टेकत नाही, इतकंच कारण. हे काम बहुतेक घरांत बायका करायच्या आणि त्याला कोणी तंत्रज्ञान म्हणायचं नाही. कुकरची रिंग, शिवणयंत्राचा पट्टा, गॅसच्या बर्नरची भोकं, कंदिलाची वात ही सगळी देखभाल ज्या हातांनी केली त्यांची नोंद दुरुस्तीच्या इतिहासात जवळजवळ नाही. हे पुस्तक तयार करताना ती उणीव मला सर्वांत जास्त बोचली.

स्वातंत्र्यानंतरची घरगुती यंत्रं झपाट्याने आली. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कुकर मध्यमवर्गीय घरात गरजेची वस्तू बनला. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईत सुमीत मिक्सर तयार केला. त्यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर जळाला होता. सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, मसाल्याचं वाटण यांसाठी तो बनलेलाच नव्हता. आपल्या वाटणाला झेपेल अशी ताकदवान मोटर हा सुमीतचा विशेष होता. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि टीव्ही-मेकॅनिक हा नवा कारागीर गल्लीगल्लीत दिसू लागला. मुंबईची लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली या बाजारांनी सुटे भाग पुरवून ही कारागिरी जगवली. यांतल्याच एका बाजारातल्या वयस्कर कारागिराचं काम मी कितीतरी वेळ उभं राहून पाहिलं आहे. मिक्सर हातात आला की ते स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नसत. आधी वास घेत. जळक्या लेपाचा उग्र वास आला तर मोटर गेली. मग कपलर बोटाने फिरवत. सहज फिरला तर बेअरिंग ठीक, अडला तर आत काहीतरी शिरलं आहे. मग कानाशी धरून हलवत, सुटा स्क्रू वाजतो का ते ऐकण्यासाठी. हे सगळं होईपर्यंत त्यांना दुखणं बहुधा समजलेलं असे.

साध्या दुरुस्तीत निरनिराळे प्रवाह आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. सर्वांत जुना आणि बदनाम प्रवाह थापेचा. टीव्हीच्या पेटीवर डाव्या बाजूने थाप मारली की चित्र स्थिर व्हायचं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ती जादू वाटायची. आतलं सोल्डर तडकलेलं असायचं किंवा व्हॉल्व्हच्या पायांवर ऑक्साइडचा थर असायचा. हादऱ्याने दोन टोकं क्षणभर घट्ट टेकायची. जून १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या बाहेर येऊन पीट कॉनराड यांनी विजेच्या एका पेटीवर हातोडी मारली, आत अडकलेला रिले सुटला आणि ती बॅटरी कामाला लागली. पण नेमकं कुठे ठोकायचं हे त्यांना माहीत होतं आणि काय अडकलं आहे याचा अंदाज जमिनीवरच्या अभियंत्यांनी आधी बांधला होता. आपण घरात मारतो त्या थापेत तेवढंच नसतं. थापेने चालू झालेलं यंत्र लूज काँटॅक्टची बातमी देत असतं. ती बातमी घ्यावी आणि थाप थांबवावी, असं माझं मत आहे.

दुसरा प्रवाह सफाईचा. त्याच्याविषयी मला विशेष आदर आहे, कारण तो कमी खर्चात जास्तीत जास्त काम करतो. टीव्हीचा रिमोट चालत नसेल तर त्याचं पुढचं टोक मोबाइलच्या, शक्यतो पुढच्या, कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण कॅमेऱ्याला बहुधा जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. ठिपका दिसला तर रिमोट ठीक आहे, अडचण टीव्हीकडे आहे. नाही दिसला तर सेलची खोबण पाहावी. जुना सेल गळून स्प्रिंगवर पांढरी पूड बसलेली असते. कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून ती पुसली, मग जागा कोरडी करून पॉलिश पेपरने हलकेच घासली की वीज वाहू लागते. काही मोजकी बटणंच चालत नसतील तर रिमोट उघडून आतल्या रबरी गादीची काळी टिकली आणि तिच्याखालचा पट्टा स्पिरिटने पुसावा. तिथे हातांचं तेल साचलेलं असतं. शॉवरची भोकं, इलेक्ट्रिक किटलीचं बूड यांवरचा क्षार वाण्याकडे मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात विरघळतो. मात्र कोणतंही आम्ल आणि फरशीचं ब्लीच कधी एकत्र आणू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हा इशारा पुस्तकात पुन:पुन्हा येईल. तो कंटाळवाणा वाटला तरी चालेल.

तिसरा प्रवाह निदानाचा. छताचा पंखा हे त्याचं उत्तम उदाहरण. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, काठीने पात्याला ढकललं की हळूहळू फिरू लागतो. हे लक्षण इतकं स्पष्ट आहे की पंखा उघडायचीही गरज नाही. पंख्यात दोन वेटोळी असतात आणि त्यांतल्या एकातला प्रवाह जरा पुढे-मागे करून फिरण्याची दिशा देण्याचं काम कपॅसिटर करतो. आपले इलेक्ट्रिशियन त्याला कंडेन्सर म्हणतात. तो अशक्त झाला की पंख्याला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. बहुतेक पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरडचा असतो आणि शंभर रुपयांच्या आत मिळतो. मेन स्विच बंद करायचा, टेस्टरने खात्री करायची, जुन्या कंडेन्सरवरचा आकडा वाचून तोच आणायचा, दोन वायर जोडायच्या. पंखा वेगाने फिरावा म्हणून मोठ्या आकड्याचा कंडेन्सर लावण्याची सूचना काही जण देतात. त्याने वेटोळी तापतात. तो मोह टाळावा.

यंत्राला त्याच्या ठरलेल्या कामातून मोकळं करून दुसऱ्याच कामाला जुंपणारा प्रवाह क्यूबाइतका कुठेच फुललेला नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे सुटे भाग येणं थांबलं. १९९२ मध्ये लष्कराच्या प्रकाशनगृहाने 'आपल्याच बळावर' अशा अर्थाच्या नावाचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यात लोकांनी घरोघर केलेल्या खटपटी गोळा केल्या होत्या. ऑरिका नावाच्या सोव्हिएत वॉशिंग मशीनमधली सुकवणीची मोटर काढून लोकांनी तिचे पंखे केले, चाव्या घासण्याची यंत्रं केली. एर्नेस्तो ओरोसा या क्यूबन डिझायनरने पुढे अशा वस्तूंचा संग्रह केला आणि या वृत्तीला 'तांत्रिक आज्ञाभंग' असं नाव दिलं. मला ते पुस्तक थोर वाटतं. पण टंचाईने लादलेल्या कल्पकतेचे गोडवे गाताना, लोक नाइलाजाने धोका पत्करत होते हेही विसरू नये. आपल्याकडे 'जुगाड' म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. काम आज भागतं, पण संरक्षणाची एक कडी कायमची निघून जाते. साधा उपाय आणि जुगाड यांच्यातली रेघ मी इथे ओढतो: उपायानंतर यंत्राचा प्रत्येक रक्षक आपल्या जागी असला पाहिजे.

या विषयावरची पुस्तकं जगभर झाली आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढली, ती मुख्यतः कपड्यांसाठी होती, पण जुन्याला पुन्हा कामाला लावण्याची शिस्त तिने घराघरात नेली. जॉन म्यूर यांनी १९६९ मध्ये फोक्सवॅगन गाडी जिवंत कशी ठेवावी यावर पुस्तक लिहिलं, तेही ज्याला काहीच येत नाही अशा वाचकासाठी. गाडीचं म्हणणं कान देऊन ऐकायला शिकवणारं तंत्राचं पुस्तक त्याआधी क्वचितच झालं असेल. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४च्या मोटारसायकलवरच्या प्रसिद्ध पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या नव्या कोऱ्या महागड्या गाडीचं हँडल सैल झालं आहे. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये सरकवू. पत्रा मऊ आहे, गंजत नाही, अगदी हवा तसा आहे. मित्र दुखावतो आणि नकार देतो. दुरुस्तीविषयीचे आपले सगळे अहंकार त्या नकारात आहेत. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' मध्ये तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या बाजूने मांडला आणि देखभालीला त्यात मानाची जागा दिली. महाराष्ट्रात हे काम पुस्तकापेक्षा हातांनी जास्त झालं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, दुरुस्ती यांतून विज्ञान शिकवलं. हात आधी, सूत्र नंतर हा त्यांचा क्रम या पुस्तकानेही पाळला आहे.

आज हे सगळं पुन्हा मांडायची निकड वेगळ्या दिशेने आली आहे. यंत्रं आता उघडू नयेत अशा बेताने बनू लागली आहेत. स्क्रूच्या जागी डिंक आणि प्लास्टिकची खाच, स्क्रू असलाच तर त्याचं डोकं साध्या हत्याराला दाद न देणारं. हा खेळ नवा नाही. १९२४ मध्ये बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ करून बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवलं होतं. पण सगळाच दोष लबाडीला देणं बरोबर नाही. जुना छतपंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा तेच काम ३० वॅटच्या आसपास करतो. वीज वाचते हे खरंच आहे आणि चांगलंच आहे. पण त्याच्या आत कंडेन्सरऐवजी सर्किटचा बोर्ड असतो. तो विजेच्या एका लाटेत गेला तर अख्खा बदलावा लागतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस दोष शोधत बसत नाही, बोर्ड बदलतो, आणि त्याची किंमत ऐकून लोक नवा पंखा घेतात. जुना कारागीर जो घटक सोल्डरने बदलू शकला असता तो बोर्डाबरोबर भंगारात जातो.

याला उत्तर शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. मार्टिन पोस्त्मा या महिलेने २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात आणि जाणकाराशेजारी बसून स्वतःच्या हाताने ती दुरुस्त करतात. २०१५ मध्ये बंगळुरूत तो प्रयोग सुरू झाला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून टीव्ही, वॉशिंग मशीन, मोबाइल अशा काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचा १० पैकी गुणांक छापणं सक्तीचं केलं. खरेदी करताना तो आकडा समोर असला की ग्राहक वेगळा विचार करतो, म्हणून मला हा उपाय सर्वांत शहाणा वाटतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. कायद्याची ताकद त्यामागे अजून यायची आहे.

निकडीचं दुसरं कारण घराच्या आतलं आहे. शहरांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची घरं वाढली आहेत. ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला कोणी येत नाही, कारण तेवढ्या कामासाठी येणं इलेक्ट्रिशियनला परवडत नाही. मुलं परदेशातून व्हिडिओ कॉलवर 'कॅमेरा जरा वर धरा' म्हणत असतात. स्टार्टर पाव फेरा फिरवून काढायचा आणि तसाच बसवायचा, एवढंच ते काम. ट्यूबची दोन्ही टोकं नुसती लुकलुकत असतील तर स्टार्टर, टोकं काळी पडली असतील तर ट्यूबच संपली, आणि उन्हाळ्यात गावाकडे संध्याकाळी पेटत नसेल तर व्होल्टेज कमी आहे, हे लक्षात ठेवणं सत्तरीतल्या माणसालाही जड नाही. अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून या पुस्तकातली अक्षरं मोठी आणि वाक्यं लहान ठेवली आहेत.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये स्वयंपाकाला वाटी-चमच्याचं माप दिलं आणि अंदाजपंचे शिकण्याची सक्ती संपवली. दुरुस्तीला तसं माप द्यावं ही या पुस्तकाची धडपड आहे. म्हणून इथली मांडणी यंत्रांच्या नावांनी केलेली नाही, लक्षणांनी केली आहे: आवाज करतं पण फिरत नाही, चालू होतं आणि बंद पडतं, गळतं, तापतं, अजिबात जाग येत नाही. वाचकाला आपल्या यंत्रात काय बिघडलं आहे हे ठाऊक नसतं, ते काय करतं एवढंच ठाऊक असतं. तिथूनच त्याला हात धरून न्यायचं आहे. हत्यारं मोजकीच लागतात: टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, शिवणयंत्राचं तेल, टेफ्लॉनची टेप. प्रत्येक उपायाखाली एक ओळ जाड ठशात आहे, 'इथे थांबा'. त्या ओळीपलीकडे वाचकाने जाऊ नये. पावसाळ्यात गिझर लावला की ईएलसीबी पडत असेल तर तो खटका वर बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. घरांमध्ये बसवलेला ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडतो, कारण त्याहून जास्त प्रवाह माणसाच्या छातीतून गेला तर जीव जाऊ शकतो. तो पडतो आहे म्हणजे बहुधा कॉइलमध्ये पाणी शिरलं आहे. तिथे थांबायचं आणि माणूस बोलवायचा.

काही यंत्रं पुस्तकात मुद्दाम घेतलेली नाहीत. मायक्रोवेव्हच्या आत २,००० व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही त्याचा कपॅसिटर वीज धरून ठेवतो. जुन्या काचेच्या टीव्हीचीही तीच गोष्ट. एसीमधला वायू, इन्व्हर्टरची बॅटरी, गॅसचा रेग्युलेटर यांनाही इथे हात लावलेला नाही. गॅसच्या बाबतीत एवढंच सांगितलं आहे की नळीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावं, आणि आले तर रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून, कोणताही खटका न दाबता, घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

इथले उपाय आजवर निरनिराळ्या हातांतून आले आहेत आणि त्यांत भर पडायला हवी. एखादा उपाय तुमच्याकडे असेल तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर लिहा. लिहिताना यंत्र कोणतं, ते काय करत होतं आणि तुम्ही काय केलंत एवढं तर सांगाच. पण दुरुस्तीनंतर ते किती दिवस चाललं हे कृपा करून विसरू नका. पुढच्या आवृत्तीत कोणते उपाय राहतील आणि कोणते गळतील, हे त्या शेवटच्या उत्तरावर ठरेल.